पाट्याचा पिंजरा

पहिलं घर सायकलच्या ट्यूबचं होतं. जीवननं ते एका सकाळी अंगणात बसल्या बसल्या बांधलं. ट्यूबच्या दोन पट्ट्या, तारेचे चार वेढे, व्हॅनच्या डॅशबोर्डाला दोन भोकं, आणि मधोमध तो डबा. डबा म्हणजे पांढरकवड्याच्या बाजारातून आणलेला गाण्यांचा प्लेअर. गुळाच्या लहान ढेपेएवढा, गोल, पोटात नखाएवढं कार्ड. डोंगरटाकळी ते पांढरकवडा बावीस किलोमीटर, आणि रस्ता असा की खड्डा चुकवावा तर दगड भेटावा, दगड चुकवावा तर खड्डा. दर वळणाला डबा उडी मारायचा आणि पुढच्या सीटवरच्या बाईच्या मांडीत बसून गायचा. म्हणून त्याला घर हवं होतं.

चार दिवसांनी व्हॅन मोठ्या भावाकडून परत आली तेव्हा ट्यूब विळ्यानं कापलेली होती. तारा उपटलेल्या, भोकं फाटून बोटबोट झालेली, आणि डबा मागच्या सीटखाली मातीत पालथा.

जीवन तसाच भावाच्या खोलीत शिरला. भगवान जेवत होता. त्यानं मान वर केली नाही, तेव्हा जीवननं ताटाला लाथ मारली. वाटी भिंतीला लागली, वरण सारवणावर सांडलं. मग भगवान उठला आणि त्याच उष्ट्या हातानं त्यानं धाकट्याच्या कानाखाली दिली. जीवननं डोकं त्याच्या पोटात घातलं. दोघं चुलीपर्यंत लोळत गेले, आणि विमलताई, दोघांची माय, कळशीभर पाणी दोघांच्या अंगावर ओतून मोकळी झाली. भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तसं. पाण्यानं दोघंही थंड झाले, पण नुसते अंगानं.

बाप सदाशिवराव गेला त्याला वर्ष होत आलं होतं. शेत वाटून झालं, घरात मधोमध भिंत आली, भांडी निवडली गेली. न वाटता येणाऱ्या दोनच गोष्टी राहिल्या, विहीर आणि व्हॅन. विहिरीला पाळी असते हे गावाला ठाऊक होतं. मोटेच्या काळापासून भावाभावांत चार दिवस तुझे, चार दिवस माझे असं पाणी चालत आलेलं. मग चावडीवर बसलेल्यांनी तोच नेम व्हॅनला लावला. चार दिवस भगवाननं सवारी न्यायची, चार दिवस जीवननं. बाजाराला जाणाऱ्या बाया आता वार विचारायच्या नाहीत, विचारायच्या, आज कोणता भाऊ.

ही व्हॅन सदाशिवरावानं बैल विकून घेतली होती. तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या तोंडावर. आणि पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल झुली-घुंगरं लेवून तोरणाखाली उभे असताना म्हातारा व्हॅन घेऊन आला. बोनेटला बैलांच्या कपाळावर बांधायच्या मठाट्या बांधलेल्या, आरशांना गोंडे, काचेवर हळदीचे पंजे. काही जण चिडले, बरेच हसले. पोलीसपाटील म्हणाले, शिंगं नाहीत त्याला तोरणाखाली जागा नाही. त्यावर सदाशिवरावानं कानावर हात ठेवला आणि झडती म्हटली. पोळ्याला तोरणाखाली एकमेकांना चिमटे काढत, जुळवून जुळवून म्हणायच्या त्या झडत्या. त्यात पंचक्रोशीत सदाशिवरावाचा हात धरणारा कोणी नव्हता. आवाज असा, की गुराख्यानं टेकडीवरून हाळी द्यावी आणि ती ओढ्यापलीकडच्या गायीनं ओळखावी. जीवननं मोबाईल वर धरून ते सगळं टिपलं. पुढं मोबाईल विहिरीत पडला. त्यातलं कार्ड तेवढं वाचलं, तेच आता डब्यात होतं.

तेव्हा त्या डब्यात बाप राहत होता. बटण दाबलं की म्हातारा खाकरायचा, घुंगरं वाजायची, आणि झडती उठायची:

चार पायाची जोडी गेली, चार चाकाची आली,
घास नाही, पाणी नाही, तेलावरती चालली.
धाकला माहा गोऱ्हा हाय, वाऱ्यासंगं पयते,
थोरला माहा रेडा हाय, चिखल पाहून लोयते.
टोच तुतारी, मुरड शेपूट, उठत नाही गडी,
असल्या पोरापरीस बरी बिनशिंगाची गाडी.

मग हरहर महादेवाचा गजर, आणि हशा. सबंध गावाचा हशा.

जीवनला ती झडती म्हणजे उन्हाळ्यातल्या माठाचं पाणी. सवारीत लावली की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, म्हातारे मान डोलवायचे, कोणी म्हणायचं, पुन्हा लाव रे. आणि चार दिवसांनी त्याच बाया, तेच म्हातारे भगवानच्या व्हॅनमध्ये बसायचे. बाजारातली बिजलीबाई भाजीची टोपली वर देताना त्याला म्हणाली होती, रेडेबुवा, जरा हळू हाका. ती काही वाईट बाई नव्हती. गाडीभर लोक हसले. भगवाननं हळू हाकली. घरी आल्यावर त्यानं विळा घेतला.

हे भगवाननं आपण होऊन कधी सांगितलं नाही. पहिल्या भांडणानंतर विमलताईनं धाकट्याला सांगितलं, आणि वर म्हणाली की तुझ्या पाळीत लाव, त्याच्या पाळीत काढून ठेव, काय जातं तुझं. एवढं केलं असतं तर भांडण तिथंच विझलं असतं हे जीवनलाही कळत होतं. पण त्याच्या डोक्यानं एकच धरलं होतं: गाडी बापाची, बैल बापाचे, आवाज बापाचा. बाप गाडीत रोज बसणार. ज्याला खपत नसेल त्यानं उतरावं.

दुसरं घर त्यानं लाकडाचं केलं. कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, पेरणीची तिफण उभी होती. बैल गेल्यापासून तिला काम नव्हतं. तिच्या वरचं चाडं, बी पडायची ती सागवानी वाटी, हातांनी घासून घासून आतून शिंपल्यासारखी गुळगुळीत झालेली. जीवननं डबा त्यात ठेवून पाहिला. मापानं बनवल्यासारखा बसला. चाड्याला खालून नळ्यांची भोकं होतीच, त्यातून वायर गेली. दोन पट्ट्या मारून त्यानं ते डॅशबोर्डावर आवळलं, आणि गाणं लावलं तर आवाज लाकडात घुमून दुप्पट गोड झाला. बापाच्या आवाजाला बापाच्याच तिफणीचं घर. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

चूक इथं होती, आणि ती या घरातल्याच माणसाला करता आली असती. तिफण बापाची होती, पण चाडं बापाचं नव्हतं. सदाशिवराव बैल हाकायचा. चाड्यावर मूठ भगवानची. दहाव्या वर्षापासून. बी सोडताना त्याची मूठ अशी चालायची की तासात दाण्यामागं दाणा, ना दाट ना विरळ. गाव पेरणीला त्याला बोलावून न्यायचं. सगळ्या आयुष्यात त्या माणसाला कोणी नाव ठेवलं नाही अशी ती एक वाटी होती, आणि तिच्यात बसून बाप आता त्याला रेडा म्हणत होता.

पाळी बदलायच्या सकाळी भगवाननं व्हॅनचं दार उघडलं आणि त्याला डॅशबोर्डावर ते चाडं दिसलं. मग त्यानं दोन्ही हातांनी चाडं धरलं, पाय डॅशबोर्डाला लावला आणि उपटलं. लाकूड उभं फाटलं. जीवन धावत आला तेव्हा अर्धं चाडं भगवानच्या हातात होतं, आणि तेच त्यानं फिरवलं. जीवनची भुवई उघडली. डोळ्यात रक्त उतरलं, त्याला अंगण तांबडं दिसायला लागलं. तशा तांबड्यात त्यानं भावाचा सदरा धरला, मागून ओढला, तो मानेपासून कमरेपर्यंत टरकला. भगवान उघड्या पाठीनं वळला.

"पाह्य," तो म्हणाला, "नीट पाह्य. तू वाऱ्यासंगं पयत होता, तवा मी याच्याखाली होतो."

पाठीवर ठिपके होते. मसुराच्या डाळीएवढे, पांढरे, खांद्यापासून खाली आलेले. बैल हाकायच्या काठीला टोकाला खिळा असतो, तिला तुतारी म्हणतात. सदाशिवरावाची तुतारी बैलाला जितकी लागली तितकीच थोरल्या पोराला. जीवननं ते ठिपके जन्मापासून पाहिले होते. विहिरीवर अंघोळीला बसलेल्या भावाच्या पाठीवर ते असायचेच, जसे एखाद्याच्या अंगावर तीळ असतात. त्याला स्वतःला बापानं कधी बोट लावलं नव्हतं.

"तुले बाप पाह्यजे तर उशाशी घेऊन नीज," भगवान म्हणाला. "माह्या पाळीत तो गाडीत नाई."

भुवईला तीन टाके पडले. टाके घालणाऱ्यानं विचारलं तर जीवन म्हणाला, दार लागलं. चार दिवसांनी त्याची पाळी आली तेव्हा, भुवईवर पट्टी तशीच असताना, त्यानं व्हॅन काढली आणि डबा सोबत घेतला. हायवेला ट्रकची कामं करणारी दुकानं आहेत, तिथं कपिल वेल्डरकडं गेला. ट्रकचा मोडका पाटा मागितला. स्प्रिंगचा पाटा म्हणजे लोखंडातलं लोखंड. भरल्या ट्रकचं ओझं वाहून वाकतो आणि परत सरळ होतो. कपिलनं तो कापला, तापवला, वाकवला. ठिणग्या लाजाळूसारख्या उमलून मिटत होत्या. डब्याभोवती चारी बाजूंनी पट्ट्या, वरून आडवी एक, खालून चार बोल्ट थेट गाडीच्या पत्र्यातून, आणि बोल्टांची डोकी वेल्डिंगनं बुजवलेली. वायर लोखंडी नळीतून चावीपर्यंत नेली. चावी फिरली की डबा चालू. आणि चालू झाला की कार्डातलं पहिलं, म्हणजे झडती, आणि ती संपली की पुन्हा तीच.

कपिलनं समोरची पट्टी बसवायच्या आधी विचारलं की बटणं कुठून दाबणार.

"बटणं आत राहू दे," जीवन म्हणाला.

"मंग बंद कसा करशीन?"

"करायचाच नाई."

कपिल हसला. म्हणाला, लोक देवाला कुलूप लावतात ते चोर नेईल म्हणून, तू तर देवानं पळून जाऊ नये म्हणून लावून राह्यला. जीवनला तेही आवडलं. वाटेत त्यानं चार वेळा झडती ऐकली. खड्ड्यात गाडी आदळली, डबा केसभर हलला नाही. त्याला वाटलं, आता बाप घरी बसला.

हे सगळं करताना एकदा तरी त्याच्या मनात आलं असेल का, की हा पिंजरा नेमका कोणासाठी? आलं होतं. भावाच्या पाळीचे चार दिवस त्याच्या डोळ्यांपुढं होते: भगवान स्टिअरिंगवर, मागं गाडीभर बाया, आणि बंद न होणारा बाप. ते चित्र त्यानं वाटभर चघळलं. ऊस चघळावा तसं.

पाळी बदलली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. सकाळचं कोवळं ऊन, अंगणात कापसाचा ढीग, वैनी, भगवानची बायको, बायांसोबत वेचणीला गेलेली. भगवान व्हॅनमध्ये बसला. त्यानं पिंजरा पाहिला असेलच. चावी फिरवली. म्हातारा खाकरला. घुंगरं वाजली.

भगवाननं हात पुढं केला तर बोटांना लोखंड लागलं. त्यानं चावी बंद केली, आवाज थांबला. पुन्हा फिरवली. पुन्हा खाकरला. तिसऱ्यांदा त्यानं चावी तशीच चालू ठेवली, खाली उतरला, कोठ्यातून सब्बल घेऊन आला. गोठ्याच्या खुंट्या उपटायची, पुरुषभर उंचीची लोखंडी सब्बल. तिचं टोक त्यानं पट्टीखाली घातलं आणि जोर लावला. डॅशबोर्ड कर्रकन बोलला. पाटा हलला नाही. आतून बाप म्हणत होता, थोरला माहा रेडा हाय.

जीवन दुसऱ्या दारानं आत शिरला. त्यानं सब्बलीचं मोकळं टोक धरलं. दोन भाऊ, एक सब्बल, आणि मधे तो बोलणारा डबा. भगवाननं गुडघा मारला, जीवनचा ओठ फुटला. जीवननं डोक्यानं धडक दिली, टाके उसवले, भुवईतून पुन्हा रक्त आलं. एक अक्षर कोणी बोललं नाही. बोलायचं काम तिसरा करत होता. ओढाताणीत भगवानचा उजवा हात सब्बलीवरून घसरला आणि पाट्याच्या धारेवर टेकला. तेवढ्यात जीवननं आपल्या बाजूनं खाली दाबलं. सब्बल हातावर आली. बोटं सब्बल आणि पाट्याच्या मधे सापडली.

भगवान ओरडला नाही. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. आतून हशा आला. गावाचा.

जीवननं सब्बल सैल सोडली, आणि त्याला भावाचे डोळे दिसले. त्यात पाणी होतं. का कोण जाणे, त्या पाण्याचाच त्याला संताप आला. लहानपणी शेतात बांधावर बसून तो हेच डोळे पाहायचा, आणि बाप म्हणायचा, रडते पाह्य, उठ. त्यानं सब्बल पुन्हा धरली, पाय रोवले आणि सगळ्या अंगाचा भार तिच्यावर टाकला.

"उठ रेड्या," तो म्हणाला.

हाड मोडल्याचा आवाज बारीक असतो. कपाशीच्या पऱ्हाटीची वाळली काडी मोडावी तेवढाच.

विमलताई धावत आली तेव्हा भगवान दारातून खाली घसरला होता. हाताची दोन बोटं कातडीला लोंबत होती, बाकीचा हात ओळखू येत नव्हता. रक्त मनगटावरून ढोपरापर्यंत आणि ढोपरावरून कापसावर. म्हातारीनं लुगड्याचा पदर फाडला, हात बांधला, वर धरला. धाकट्याकडं पाहिलं नाही. एवढंच म्हणाली की गाडी काढ. गावात त्या वेळी दुसरी गाडी नव्हती, आणि चालवता येणाऱ्या दोघांतल्या एकाचेच हात धड होते.

जीवननं भावाला पुढच्या सीटवर घेतलं, माय मागून त्याचा हात खांद्याच्या वर धरून बसली. व्हॅन निघाली. चार पायांच्या जोडीला निरोप देत, चार चाकांचं कौतुक करत, बाप गाऊ लागला.

"बंद कर थे," माय म्हणाली.

"होत नाई, माय."

तिला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. जीवननं एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताचं बोट पट्ट्यांमधून घालून पाहिलं. पेरापर्यंतच गेलं. बटण पेरभर लांब राहिलं. त्यानं तसंच मापानं करून घेतलं होतं. वायर ओढावी तर ती नळीत. थांबून काही करावं तर शेजारी सीटवर रक्ताची तळी साचत होती, आणि भगवानचा चेहरा राखेसारखा होत चालला होता.

झडती संपली. हशा झाला. झडती पुन्हा लागली.

अशी ती त्यानं शेकडो वेळा ऐकली होती. पण आता कानांना पळायला जागा नव्हती. त्याला त्या हशात वेगवेगळे आवाज ऐकू यायला लागले. पोलीसपाटलांचा खोकत येणारा. बायांचा, पदराआडचा. आणि सगळ्यांच्या वर एक, अगदी जवळचा, कोवळा, थांबता थांबत नाही असा. तो कोणाचा हे त्याला आजवर कळलं नव्हतं. मोबाईल ज्यानं धरला होता त्याचा तो होता. गावात सगळ्यांत मोठ्यानं जीवन हसला होता.

नाल्याच्या पुढं दोन किलोमीटरचा उतार लागतो. तिथं जीवननं चावी बंद केली. इंजिन मेलं, बाप मेला, आणि व्हॅन आपल्याच वजनानं खाली धावू लागली. काय शांतता होती ती. वारा, टायरांची सरसर, दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र पऱ्हाटी, आणि भगवानचा श्वास. ब्रेक दगडासारखा कडक झाला होता. वळणावर समोरून बैलबंडी आली. जीवन दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला, व्हॅन बंडीच्या चाकाला घासून गेली, आरसा उडाला, बंडीवाल्याच्या शिव्या मागं राहिल्या. भगवानचा हात मायच्या हातातून सुटून डॅशबोर्डावर आदळला, आणि आता तो ओरडला.

उतार संपला. गाडी थांबायला लागली. चावी फिरवण्यावाचून इलाज नव्हता. म्हातारा पहिल्यापासून खाकरला.

आणि मग भगवान बोलला. डोळे मिटलेले, डोकं दाराला टेकलेलं. बाप "लोयते" म्हणून दम घ्यायला थांबला, त्या दमाच्या जागेत, त्याच चालीवर, बापाच्या आधी त्यानं पुढची ओळ म्हटली:

"टोच तुतारी, मुरड शेपूट, उठत नाही गडी…"

बापानं ती मागाहून म्हटली. जशी काही पोरानं सांगितली म्हणून.

"तुले पाठ हाय?" जीवनच्या तोंडून निघून गेलं.

"पोळ्याच्या आधी मईनाभर जमवून राह्यला होता," भगवान म्हणाला. शब्द तुटत होते. "वावरात. म्या निंदत होतो. बांधावर बसून मलेच इचारे, गडीले काय जुळते रे. म्या सांगितलं, गाडी."

जीवननं ब्रेक मारला. माय मागून ओरडली की थांबतो कायले, त्याचं रक्त चाललं. त्यानं सीटखालून जॅकची टामी, तो लोखंडी दांडा, काढली आणि पट्ट्यांच्या फटीतून आत खुपसली. पहिला घाव पाट्यावर गेला, हाताला झिणझिण्या आल्या. दुसरा डब्याच्या जाळीवर बसला. बाप घोगरा झाला, पण थांबला नाही. पाट्यानं डबा असा जपला होता की घाव घालायला जागा नव्हती. जीवन दात खाऊन टोचत राहिला, टोचत राहिला, त्याची स्वतःची बोटं पट्ट्यांवर सोलली, डब्यातून प्लास्टिकचे कपचे उडाले, घुंगरं खरखरली, हशा चिरकला. कार्ड कुठं असतं ते त्याला ठाऊक होतं. शेवटचे दोन घाव त्यानं तिथं घातले. आवाज एका शब्दाच्या मधोमध गेला.

अर्धा मिनिटही लागलं नसेल. माय म्हणाली, "चाल आता."

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईनं हाताला बांधलेला पदर सोडला, पाहिलं, आणि डॉक्टरांना हाक मारली. भगवानला आडवं केलं, बाटली लावली. यवतमाळला न्यावं लागेल, ॲम्बुलन्स सांगितली आहे, दोन बोटं वाचणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आणि विचारलं, कशात गेला हात?

भगवाननं डोळे उघडले. "कुट्टी मशीनीत," तो म्हणाला. कडबा कापायचं यंत्र. असं होतं गावात, कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

"नाई," जीवन म्हणाला. "म्या केलं. सब्बलीनं."

डॉक्टरांनी त्याच्या भुवईकडं पाहिलं, सोललेल्या बोटांकडं पाहिलं, आणि चौकीतल्या हवालदाराला बोलावणं धाडलं. भगवाननं मान पलीकडं वळवली. रागानं की थकून, ते जीवनला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला उरला आहे असंही वाटलं नाही. ॲम्बुलन्स आली. भगवानला उचलून आत घेतलं, माय त्याच्या उशाशी चढली. दार लावताना तिनं जीवनकडं एकदा पाहिलं. चल म्हणाली नाही. थांब म्हणाली नाही.

हवालदार वयस्क होता, पाठदुखीनं वाकलेला. बाकावर कागद मांडून तो लिहायला बसला. नातं विचारलं. लहान भाऊ. कारण विचारलं. जीवन सांगू लागला, बापाची झडती, डबा, चाडं, पाटा. दोन वाक्यांनंतर हवालदाराचा हात थांबला. त्यानं लिहिलं, गाडीच्या वादातून. मग सावकाश समजावलं, की सख्खा भाऊ आहे, घरचं भांडण आहे, झटापटीत लागलं असं लिहितो, तुलाही हलकं जाईल, त्यालाही.

"पयल्यांदा झटापटीत," जीवन म्हणाला. "दुसऱ्यांदा जाणून दाबली. दोन्ही लिवा."

"कायले स्वतःच्या गळ्यात बांधून घेतं, बापू?"

जीवननं कागद त्याच्याकडं सरकवला. हवालदारानं चष्मा सारखा केला आणि दोन्ही लिहिलं. खाली सहीची जागा दाखवली.

"वाचून दाखवा," जीवन म्हणाला.

हवालदारानं कागद उजेडाला धरला आणि कुठलीही चाल न लावता, सपाट आवाजात, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. जीवन उभ्यानं ऐकत होता.